जावयाच्या नावाची गिरणी

एक मूर्खपणा मी असा करून ठेवलाय की तो लपवायचा म्हटला तरी लपत नाही, कारण त्याच्यावर लाल ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं आहे आणि नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोर आहे. लेकीला लग्नात द्यायची पिठाची गिरणी मी जावयाच्या नावानं घेतली. बिल त्याच्या नावाचं, रंगवलेलं नाव त्याचं, आणि मोर माझ्या हौसेचे.

तेव्हा मी तरुण होते. सत्तावन्न वर्षांची. आता पासष्टी गाठली, थोडी समज आली, म्हणून त्या सत्तावन्न वर्षांच्या बाईबद्दल बोलायला हरकत नाही. फार शहाणी होती ती. अंगणवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवता शिकवता तिचा असा समज झाला होता की सगळं गावच आपल्यापुढं मांडी घालून बसलंय. त्यात ती तंटामुक्ती समितीवर गेली, मग तर विचारूच नका. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाची म्हैस कुणाच्या तुरीत शिरली, कुणाची बायको माहेरी जाऊन बसली, सगळ्यावर तिच्याकडं निकाल तयार. पंच बापे बोलत राहायचे आणि ही पदर खोचून मधूनच म्हणायची, "थांबा, कायदा काय सांगतो ते मी सांगते." कायद्याचं पुस्तक तिनं लांबूनसुद्धा बघितलेलं नव्हतं.

लेक माझं शेंडेफळ. तिनं लग्नात सोनं मागितलं नाही, कपाट-पलंग-कुलर मागितला नाही. म्हणाली, मला गिरणी घेऊन दे, मी माझं बघते. म्हणून आम्ही दोघी पूर्णेला गेलो, तीन दुकानं फिरलो, आणि तिनं हात लावून, दगड बघून, पट्टा ओढून एक गिरणी पसंत केली. दुकानदारानं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. "कुणाच्या नावानं फाडू?"

"आई, माझ्या नावानं कर," लेक म्हणाली.

"गप. बाईच्या नावानं गिरणी? उद्या लोक जावयाला बायकोच्या गिरणीवरचा गडी मनतील."

"मग मी कोन? नवऱ्याच्या गिरणीवरची बाई?"

"व्हय. बाईला चालतंय."

आणि मी जावयाचं नाव, त्याच्या वडलांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात सांगितलं, जणू पोराला पहिलीत घालायला आलेय. लेकीनं पाठ फिरवली. दुकानाबाहेरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ऊन खातेय.

घरी आल्यावरही मला दम नव्हता. पेंटर बोलावला, मोर काढायला लावले. मग भांड्यांचं. आमच्याकडं लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालायची रीत आहे. बाजारात नाव घालणारा बसतो, हातात ते टर्र टर्र करणारं छोटं यंत्र घेऊन. हंडा, कळशी, परात, डबे, अगदी पळीसुद्धा मी त्याच्यापुढं मांडली आणि म्हटलं, "सगळ्यांवर जावयाचं."

"नवरीचं न्हाई का घालायचं, मावशी?"

"नवरी बी जावयाचीच की आता."

त्या माणसानं यंत्र बंद करून माझ्याकडं एकदा नीट बघितलं होतं. मला वाटलं, माझ्या समजुतीचं कौतुक करतोय.

लग्न झालं. ताडकळसला सासरच्या ओट्याला लागून पत्र्याची खोली होती, तिथं गिरणी बसली. जावई माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आम्हाला सगळंच सोपं गेलं असतं. शांत, कमी बोलणारा, आईचा शब्द न मोडणारा. तीन-चार वर्षांनी तो चाकणला कंपनीत लागला. लेक म्हणाली, मी गिरणी सोडून येत नाही. तो म्हणाला, बरं. आधी पंधरा दिवसांनी यायचा, मग महिन्यानं, मग नुसता सणाला. आला की पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि लेक त्याला पाहुण्यासारखा कपबशीत चहा द्यायची. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला तरी माणूस जवळ लागतो.

गिरणी मात्र जोरात चालली होती. लेक नुसत्या आवाजावरून सांगायची, दगड तापलाय, ज्वारी ओली हाय, कुणाच्या तरी गव्हात खडा आलाय. दगडाची धार बोथट झाली की छिन्नी-हातोडी घेऊन पुन्हा खाचा पाडाव्या लागतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. त्यासाठी कारागीर बोलावतात, पण ही स्वतःच बसायची, डोळ्याला नवऱ्याचा जुना गॉगल लावून. बाहेर ओट्यावर तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई. दळण होईस्तोवर बायका तिथं टेकायच्या आणि कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून कुणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं इथपर्यंत सगळं त्या ओट्यावर बारीक होऊन निघायचं.

असं चाललेलं असताना एके दिवशी लेक आली. हातपाय धुतले, पाटावर बसली आणि म्हणाली, "आई, आमी दोघांनी ठरवलंय. वेगळं व्हायचं."

मी रडायला तोंड उघडलं. "माय गं..."

"रडायच्या आधी भाकर वाढ. लय भूक लागलीय."

तिनं अडीच भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायली. अंगणवाडीत जन्मभर पोरांना खिचडी वाढून मला एवढं तरी कळत होतं की आतून मोडलेलं माणूस अडीच भाकरी खात नाही. मी रडणं पुढं ढकललं.

"त्यांना तिकडंच ऱ्हायचंय, मला हिकडं," ती म्हणाली. "चार वर्षं झाली, आमी नावालाच नवरा-बायको हाओत. आमचं दोघांचं काईच म्हननं न्हाई. मला पोटगी नको, काई नको. मला माझी गिरणी पायजे. ती घेऊन मी हितं येते, आपल्या रस्त्यावरच्या खोलीत बसवते."

"मग घे की. तुझीच हाय."

"बिल कुणाच्या नावानं हाय, आई?"

मी उठले आणि तव्यावर नसलेली भाकर उलटली.

तिची सासू आधीच म्हणाली होती, "जायचं तर जा, गिरणी आमच्या पोराची हाय." आणि जावई आईसमोर नेहमीसारखा गप्प. गिरणी गेली म्हणजे लेकीचं सगळंच गेलं. आठ वर्षं तिनं दुसरं काही कमावलेलं नव्हतं आणि दुसरं काही तिला करायचंही नव्हतं.

तरी माझी अक्कल तेवढ्यावर थांबली नाही. मी म्हटलं, "काई फिकीर करू नको. बाँडपेपर आणते, सोडचिठ्ठी मीच लिहिते."

"तू नको लिहू," लेक म्हणाली. "तू लिहायला लावलेलं बिलच आजून फिटंना."

दुसऱ्या दिवशी तिनं मला परभणीच्या एसटीत बसवलं. कोर्टासमोरच्या एका अरुंद जिन्यानं वर गेलं की वकीलबाईंचं ऑफिस. वय माझ्या लेकीएवढं, केस आखूड, टेबलावर फायलींचा ढीग आणि ढीग उडू नये म्हणून वर भाजक्या शेंगांची पुडी. त्यांनी "बसा" म्हणायच्या आत मी सुरू झाले.

"फार काही नाही, मॅडम. बाँडवर सोडचिठ्ठी लिहायची, पाच पंच बसवायचे, काडी मोडायची, दोघांच्या सह्या घ्यायच्या. आमच्या गावात मी अशा दोन करून दिल्यात."

वकीलबाईंचा शेंग फोडणारा हात थांबला. "दोन? साक्षीदार म्हणून सही कोणाची?"

"माझीच. खाली दोन रेघा मारून."

"त्यातल्या कोणी दुसरं लग्न केलं का?"

"एकीनं केलं की. मीच जाऊन अक्षता टाकल्या."

"मावशी, ती बाई कायद्यानं अजून पहिल्याचीच बायको असणार."

लेक पदरात तोंड घालून हसायला लागली. मला हसू येईना. वकीलबाईंनी समजावून सांगितलं: एखाद्या समाजात पूर्वापार तशी रीत असेल आणि ती कोर्टात सिद्ध करता आली, तर कायदा ती मानतो. पण कुणीही उठून बाँडपेपरवर लिहिलं आणि पंचांनी माना डोलावल्या, की घटस्फोट झाला असं नसतं. त्या दुसऱ्या लग्नवालीला मी पुढच्याच आठवड्यात स्वतः एसटीत बसवून वकीलबाईंकडं आणलं, आणि जाता-येता रस्ताभर तिच्या शिव्या खाल्ल्या. माझ्या हक्काच्या होत्या. तिचं काम पुढं रीतसर मार्गी लागलं, आणि आता ती मला पाहिलं की नमस्कार करते, पण कागद दाखवत नाही.

तर त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की नवरा-बायकोनं वेगळं व्हायचे सुद्धा प्रकार असतात. दोघं राजी असतील तर संमतीचा. त्यात दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, पण त्याआधी निदान वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, कुणाचं मन फिरतंय का बघायला. वेगळं राहून फार दिवस झालेले असले आणि बाकीचं सगळं मिटलेलं असलं तर कोर्ट ते सहा महिने माफही करू शकतं. एकच जण राजी असेल तर मग भांडणाचा. त्यात कारण सिद्ध करावं लागतं, छळ केला, टाकून गेला, बाहेर संबंध ठेवले असं काहीतरी, आणि तारखांवर तारखा पडत वर्षं जातात.

"आणि न्यायिक विभक्तता म्हणून एक असतं," वकीलबाई म्हणाल्या. "लग्न कायम राहतं, पण एकत्र राहायचं बंधन नसतं."

"अगं बाई, हे तर आमच्या निम्म्या गावात चालू हाय," मी म्हटलं. "त्याला कोर्टात कामून यायचं?"

वकीलबाई हसल्या तशी मला पुन्हा हिंमत आली. मी पिशवीतून यादी काढली. निम्मं-निम्मं होतं एवढं तर मला पक्कं ठाऊक होतं, टीव्हीवर कुठल्या तरी सिनेमावाल्यांचं तसं झालेलं ऐकलं होतं. शेत चार एकर, निम्मं दोन. खोल्या चार, निम्म्या दोन. म्हैस एकच होती, तिथं मी नुसती रेघ मारून सोडली होती.

"आपल्याकडं असा निम्म्याचा कायदा नाही, मावशी," वकीलबाईंनी यादी हलकेच माझ्याकडं परत सरकवली. "शेत सासूच्या नावावर आहे. सून म्हणून त्यात हिला हिस्सा मिळत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते सहसा त्याचं धरतात. दोघांनी मिळून घेतलं असेल तर दोघांचं. लग्नात दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचं काय करायचं ते कोर्ट ठरवू शकतं. पोटगी हा वेगळा विषय, ती नको म्हणायच्या आधी हिनं नीट विचार करावा, असं मी हिला सांगणारच आहे. आणि बाईला तिची म्हणून जे दिलं, लग्नाच्या आधी, लग्नात, नंतर, माहेरानं दिलेलं असो की सासरानं, ते स्त्रीधन. ते फक्त तिचं."

मला एकदम माझी बकरी आठवली. वीस वर्षांची असताना मी पण फारकत मागितली होती. माहेरानं मला एक बकरी दिली होती आणि नवऱ्यानं न विचारता तिचं करडू पाहुण्याला देऊन टाकलं. मी फणफणले, "मला फारकत पायजे." ते शांतपणे म्हणाले, "जा, पण बकरी ठेवून जा, ती माझ्या शेताच्या धुऱ्यावर चरलीय." बकरी माझी की त्यांची यावर आख्खी सकाळ गेली. शेवटी मी गाठोडं डोक्यावर घेतलं, बकरीला दोरी लावली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, तू चढ, ती न्हाई." मी म्हटलं, "ती न्हाई तर मी बी न्हाई." एसटी गेली. बकरीनं दोरीला हिसका दिला आणि सरळ घराकडं निघाली, आणि तिच्या मागं मी, गाठोड्यासकट. दारात नवरा बसलेला. त्यांनी पहिलं पाणी बकरीला ठेवलं. पुढं चाळीस वर्षं आमचा संसार झाला, पण ती बकरी कायद्यानं माझीच होती हे त्यांना ऐकवायला आता ते राहिले नाहीत, एवढीच हळहळ.

"मग गिरणी स्त्रीधन!" मी टेबलावर हात आपटला. शेंगा उडाल्या.

"बिल कोणाच्या नावावर आहे?"

लेक खिडकीबाहेर बघायला लागली. मी शेंगा गोळा करायला खाली वाकले.

"नुसत्या बिलानं गिरणी त्याची होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पैसे कोणी दिले, कोणाला म्हणून दिली, हे साक्षीनं दाखवता येतं. पण मग भांडण आलं, वर्षं आली, आणि तोवर गिरणी तिथंच गंजत पडणार. त्यानं स्वतः मान्य केलं तर अर्जाच्या अटींमध्ये एक ओळ लिहिली की काम झालं."

एक ओळ. आणि ती बोलायला जावयानं आईसमोर तोंड उघडायचं होतं.

पुढच्या खेपेला दोन्हीकडची माणसं तोच जिना चढली. जावई रजा काढून आलेला. विहीणबाईंच्या हातात मोठी पिशवी. आमच्याकडं बोलताना विहिणीला ईनबाई म्हणतात, आणि हा शब्द गोडही लागतो आणि चावतोही, म्हणणारीवर आहे. त्यांनी पिशवीतून परात काढली आणि वकीलबाईंच्या फायलींवर ठेवली.

"वाचा."

वकीलबाईंनी परात फिरवून नाव वाचलं.

"मला साळा न्हाई, पर पोराचं नाव तेवढं वळखते," विहीणबाई म्हणाल्या. "परातीवर तेच, हंड्यावर तेच, गिरणीवर बी तेच. ज्याचं नाव त्याची वस्तू. आन् हे नाव घातलं कुणी? ह्या ईनबाईंनीच."

"चुकून घातलं," मी म्हटलं.

"एकोणीस भांड्यावर चुकून? पळीवर बी?"

पळीचा विषय मी तिथंच सोडला. पण हार मानील ती मी कसली. "बरं, गिरणी तुमच्या पोराची ना? मग जावईबापू, सांगा, दगडाला टाकी कवा लावायची?"

जावयानं आईकडं बघितलं. विहीणबाई ठसक्यात म्हणाल्या, "शनिवारी."

"अवं आत्याबाई, शनिवारी आपण गिरणीपुढं नारळ फोडतो!" लेक म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. मग जावईही हसला, अगदी मनापासून. लग्नानंतर मी त्याचे दात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. विहीणबाईंनी ओठ आवळले, पण पदर तोंडाशी गेलाच.

"मावशी, हा पुरावा होत नाही," वकीलबाई म्हणाल्या.

हसू ओसरल्यावर लेक नवऱ्याकडं वळली. "तुमी सांगा. गिरणी कुणाची?"

तो हातातला मोबाइल उलटसुलट करत राहिला. "आई म्हनती तसं..."

लेकीचा चेहरा उतरला. आठ वर्षांत मी तिला थकलेली पाहिली होती, चिडलेली पाहिली होती. घाबरलेली तेव्हा पाहिली. आणि ती भीती माझ्या हातानं तिच्या पदरात पडली होती, पूर्णेच्या त्या दुकानात, एका दमात.

वकीलबाईंना कोर्टात पुकारा होता. त्या म्हणाल्या, "अर्ध्या तासात येते. तोवर जेवून घ्या."

लेक आणि जावई चहाच्या गाड्याकडं गेले, एकामागं एक. आम्ही दोघी विहिणी कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. त्यांनी फडकं सोडलं, मी फडकं सोडलं. त्यांच्याकडं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, माझ्याकडं ज्वारीच्या भाकरी आणि मेथी. सवयीनं त्यांनी चटणी माझ्या भाकरीवर ठेवली आणि मी मेथी त्यांच्या. भांडण चालू आहे हे दोघींच्याही नंतर ध्यानात आलं.

"ईनबाई," मी म्हटलं, "खरं सांगू का? पोरगी मनत होती बिल माझ्या नावानं कर. मीच तिला गप बसवलं. मला तुमच्या पोराचा मान दिसला, माझ्या पोरीचे हात दिसले न्हाईत. गाढवपणा माझा हाय. त्याचा दंड तिला कामून?"

विहीणबाईंनी भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "मला काय गिरणी चाटायचीय? मला तिचं बटन बी दाबता येत न्हाई."

"मग कशाला आडून बसलाव?"

"गिरणी हाय तवर ती हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "चार वर्षं आमी दोघीच हाओत घरात. पोराला सोडायली, सोड मनावं. त्यो तसा बी कुठं घरात असतोय. पर मला कामून सोडायली?"

कडुलिंबावरून एक काडी खाली पडली, ती मी उचलली. मग म्हटलं, "ईनबाई, मॅडमनी मला वेगळं व्हायचे सगळे प्रकार सांगितलेत. संमतीचा, भांडणाचा, आन् त्यो तिसरा, आपल्या गावात चालतोय त्यो. सगळे नवऱ्याला सोडायचे हाएत. सासूला सोडायचा एक बी न्हाई सांगितला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळे पदरानं पुसले, आणि त्याच पदराआडून म्हणाल्या, "मेथीत मीठ कमी पडलंय तुमच्या."

वर गेलो तेव्हा वकीलबाई आलेल्या होत्या. चहाच्या गाड्यावर त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, लेकीनं कधी सांगितलं नाही आणि मी, नवल म्हणजे, कधी विचारलं नाही. जावई बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"लिहा मॅडम," तो म्हणाला. "गिरणी लग्नात तिला दिली होती. माझं नुसतं नाव हाय. मला तिच्यात काई मागायचं न्हाई."

एवढं बोलून त्यानं आईकडं बघितलं. विहीणबाई परात पिशवीत भरत होत्या.

"माझ्याकडं काय बघतूस? बोल की आजून. तोंड उघडलंच हाय तर."

वकीलबाईंनी ती ओळ लिहिली, मोठ्यानं वाचून दाखवली, दोघांना विचारलं, कबूल? दोघं म्हणाले, कबूल. मग त्यांनी विचारलं, "आणि भांडी?"

माझं मन भरून आलं होतं. मी उदारपणे म्हटलं, "भांडी राहू द्या त्यांच्याकडंच. नाव बी त्यांचंच हाय."

"आई," लेक म्हणाली, "माझी भांडी तू कामून वाटायलीस?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पासष्टीची समज मला किती आली होती ते तिथं कळलं. लेकीनंच मग ठरवलं: परात आत्याबाईंना, त्यांना भाकरी थापायला तीच लागते. बाकीची अठरा ती घेऊन जाणार, कुणाचंही नाव असो.

पुढचं कोर्टातलं काम मला वाटलं होतं तसं सिनेमासारखं झालं नाही. दोघांना एकेकट्याला विचारलं, कुणाचा दबाव आहे का, मनानं करताय का. चार वर्षं वेगळं राहिलेले आणि देणंघेणं मिटलेलं, म्हणून सहा महिने थांबायची अट माफ झाली. हुकूम झाल्यावर जिन्याखाली जावयानं मला वाकून नमस्कार केला. आशीर्वाद काय द्यावा ते मला सुचेना. मग म्हटलं, "आता बोलत जा." तो म्हणाला, "व्हय मामी."

गिरणी आणायला आम्ही टेम्पो घेऊन गेलो. लेकीनं पट्टा सोडवला, दगड वेगळे बांधले, मोटारीवर गोणपाट टाकलं, आणि चौघा गड्यांना अशी बोलत होती की ते तिला साहेब म्हणायला लागले. गल्लीतल्या बायका डबे घेऊन जमलेल्या, आमचं दळण आता कुठं, म्हणून माझ्यावरच डोळे वटारत होत्या, जणू गिरणी मी पळवायलेय. लेक सासूच्या पाया पडली. त्यांनी तिच्या ओटीत गहू घातले, आणि पाठीवर एक धपाटा घातला.

टेम्पो सुरू झाला. मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले, तेवढ्यात विहीणबाई ओट्यावरून उतरल्या, चपला न घालताच टेम्पोपर्यंत आल्या आणि खिडकीतून माझा हात धरून म्हणाल्या, "ईनबाई, आता मी तुमची ईन न्हाई ऱ्हायले, पर दळण मी दुसरीकडं टाकणार न्हाई, दर आठवड्याला एसटीनं येईन, आन् माझा डबा कुणाच्या मागं लावायचा न्हाई, सांगून ठेवा पोरीला."